गाऱ्हाणें कोणापुढें?

मुलाला काय शिकवावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत सहसा विचारला जात नाहीं. मूल तीन वर्षांचें झालें न झालें तोंच शाळेचा शोध सुरू होतो, देणगीची व बसभाड्याची तरतूद होते, आणि एके दिवशीं गणवेश चढवून, रडत असलें तरी, त्याला एका अनोळखी बाईंच्या स्वाधीन करून आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या बाई त्याला काय सांगणार, कोणत्या पुस्तकांतून सांगणार, आणि घरच्या शिकवणीशीं त्याचा मेळ बसणार कीं नाहीं, याचा विचार क्वचितच एखादा पालक करीत असेल. म्हणूनच अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती कुटुंबें मुलांना शाळेंत मुळींच न पाठवितां घरींच शिकवितात, हें ऐकलें कीं आपल्याला तो एक विक्षिप्तपणा वाटतो. आमच्या मतें तो विक्षिप्तपणा नव्हे. त्यांत एक गंभीर नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो त्यांच्याइतकाच आपलाहि आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. तेथील सरकारी पाहणीप्रमाणें २०१६ सालीं घरीं शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारें १७ लाख, म्हणजे शाळेच्या वयाच्या मुलांत शेंकडा ३.३ इतकी होती. २०२० च्या साथीनंतर ती आणखी वाढली. हीं सगळींच कुटुंबें धर्मासाठीं घरीं बसलेलीं नाहींत. त्याच पाहणींत धर्मशिक्षण हें मुख्य कारण सांगणारे पालक शेंकडा १६ भरले, तर शाळेंतील वातावरणाची धास्ती सांगणारे ३४. चळवळीचा एक प्रवर्तक जॉन होल्ट हा तर हाडाचा शिक्षक. शाळा मुलांची जिज्ञासा मारते एवढ्याच तक्रारीवरून त्यानें १९७७ सालीं गृहशिक्षणासाठीं वाहिलेलें एक पत्र काढलें. परंतु रेमंड व डॉरोथी मूर या धर्मनिष्ठ दांपत्यानें त्याच सुमारास मुलांना लौकर शाळेंत घालूं नये असें मांडण्यास सुरुवात केली होती. आणि १९६२ सालच्या निकालानें सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना बंद झाल्यापासून अस्वस्थ असलेले अनेक ख्रिस्ती पालक १९८० नंतर या वाटेनें इतक्या संख्येनें निघाले कीं चळवळीचा चेहरामोहराच बदलून गेला. बायबलांतील 'अनुवाद' नांवाच्या ग्रंथांत देवाचे नियम मुलांच्या कानीं सदासर्वकाळ घालण्याचें काम आईबापांकडे सोंपविलें आहे. तें काम दुसऱ्याकडे देतां येत नाहीं, असा या लोकांचा अर्थ. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि संस्थानांत घरीं शिकविणें कायद्यानें मान्य झालें.

या घरांतला दिवस कसा जातो हें पाहिल्यावांचून त्यांच्याविषयीं मत देणें अन्यायाचें होईल. सकाळची न्याहारी उरकतां उरकतां वडील बायबलांतील एक अध्याय वाचतात, प्रार्थना होते, आठवड्याचें वचन मुलें पाठ म्हणून दाखवितात, आणि वडील कामावर गेले कीं तेंच जेवणाचें टेबल पुसून त्याची शाळा होते. थोरला आपलें बीजगणिताचें पुस्तक उघडून बसतो. मधली मोठ्यानें वाचते. धाकटा आईच्या मांडीवर अक्षरें गिरवितो. आणि पाळण्यांतलें सर्वांत लहान मूल नेमकें भागाकार समजावून सांगण्याच्या वेळीं रडूं लागतें. आईचें एक लक्ष पुस्तकांत, एक चुलीवर. हजेरी, रांगा, घंटा आणि चाळीस मुलें गप्प करणें हें सर्व वगळलें म्हणजे शिकविण्यास खरोखर किती थोडा वेळ लागतो, हें या घरांत कळतें. दुपारच्या जेवणापर्यंत बहुतेक अभ्यास संपलेला असतो. मग कोंबड्यांना दाणे, बागेंतली निंदणी, पाव भाजणें, वाद्याचा सराव, सार्वजनिक वाचनालयाची फेरी. आठवड्यांतून एकदां दहापांच कुटुंबें चर्चच्या सभागृहांत जमतात; ज्या आईला रसायनशास्त्र येतें ती सगळ्यांच्या मुलांना रसायनशास्त्र सांगते, जिला लॅटिन येतें ती लॅटिन. कांहीं घरें शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची (१८४२–१९२३) पद्धति पाळतात. पाठ्यपुस्तकांच्या चोथ्याऐवजीं चांगलीं पुस्तकें वाचून दाखवावयाचीं, मग तीं मिटून मुलानें ऐकलेलें आपल्या शब्दांत सांगावयाचें, आणि रोज थोडें रानांत हिंडून पानाफुलांची, पांखरांची नोंद वहींत चितारावयाची. मूल जन्मतःच एक पूर्ण व्यक्ति असतें, असें या बाईंचें पहिलें सूत्र होतें. तें पुढें आम्हांला लागणार आहे.

हें चित्र आम्हांला आवडतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. थोरल्या भावंडानें धाकट्याला शिकवावें, शिकणें आणि घरकाम यांत भिंत नसावी, वडिलांनीं दिवसाची सुरुवात मुलांसमवेत करावी, यांत वाईट तें काय? आणि या लोकांवर जे आक्षेप नेहमीं घेतले जातात ते बरेचसे पोकळ आहेत. मुलें एकलकोंडीं होतात म्हणावें, तर भावंडें, शेजार व चर्च यांत वाढलेलें मूल आणि सकाळीं शाळा, दुपारीं शिकवणीचा वर्ग, संध्याकाळीं गृहपाठ या चक्रांत फिरणारें आपलें मूल, यांत माणसें अधिक कोणाला भेटतात हें सांगणें कठीण आहे. शिवाय आईच खरी शाळा हें आम्हां मराठी माणसांना कोणी सांगावें असें नाहीं. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई'वर आपल्या पिढ्या पोसल्या आहेत. तिचें गुणगान करावयाचें आणि प्रत्यक्षांत मूल दुसऱ्यांच्या हातीं देऊन मोकळें व्हावयाचें, या आपल्या सोईस्कर व्यवहाराला ही मंडळी निदान बळी पडलेलीं नाहींत. कांहीं घरांतील विज्ञानाचीं पुस्तकें सृष्टि सहा दिवसांत निर्माण झाली असें शिकवितात, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण चुकीचें विज्ञान शिकलेला मुलगा पुढें वाचनानें सुधारूं शकतो. आमची चिंता त्याहून खोल आहे.

ती अशी. शाळेंत जाणाऱ्या मुलाला दोन जगें असतात. मास्तरांनीं विनाकारण छडी मारली तर सांगावयाला आई असते; घरांत जाच असेल तर कधीं ना कधीं एखाद्या बाईंच्या लक्षांत येतें कीं, हें मूल आज गप्प कां? दोन्ही न्यायाधीश अपुरे असतील, पण एकाविरुद्ध दुसऱ्याकडे गाऱ्हाणें नेण्याची सोय असते. गृहशाळेंत आई हीच शिक्षिका, वडील हेच मुख्याध्यापक, आणि दोघांच्याहि पाठीशीं ज्याच्या नांवानें तीं बोलतात तो देव. तीन न्यायासनें एका खुर्चींत येऊन बसतात. अशा घरांत एक सूक्ष्म गोष्ट घडूं शकते. भागाकार चुकला, पुन्हां चुकला, आई थकलेली, मग तो आळस ठरतो, आळसाचा हट्ट होतो, हट्ट म्हणजे आज्ञाभंग, आणि आज्ञाभंग म्हणजे पाप. गणिताच्या पाटीवरून पापाच्या पाटीवर जाण्यास शाळेंत जें अंतर लागतें तें येथें उरत नाहीं. पुष्कळ आया हें ओळखून सावध राहतात. सर्वच राहतील याची हमी कोणी द्यावी?

या विचाराला एक जुनें उदाहरण फार उपयोगी पडतें. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई सुझाना (१६६९–१७४२) ही आजच्या ख्रिस्ती गृहशिक्षकांची जणूं कुलदेवता आहे. इंग्लंडांतील लिंकनशायरमध्यें एपवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाची ही पत्नी. हिला एकोणीस मुलें झालीं, दहा वांचलीं. आपली पद्धति तिनें जॉनला १७३२ सालीं लिहिलेल्या पत्रांत सांगितली आहे. मूल पांच वर्षांचें होईतों त्याला अक्षर दाखवावयाचें नाहीं. मग एक दिवस ठरवून, घरांतलीं सर्व कामें आवरून, नऊ ते बारा आणि दोन ते पांच या सहा तासांत सगळीं अक्षरें शिकवावयाचीं, आणि लगेच बायबलाच्या पहिल्या अध्यायापासून वाचावयास लावावयाचें. दोन मुलींना दीड दिवस लागला म्हणून तिनें त्यांना मंद समजलें. पुढें इतरांचीं मुलें पाहून तिनें तें मत बदललें, हेंहि तिनें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आहे. मुलींना वाचतां येईपर्यंत शिवणकामाला लावूं नये असा तिचा नियम होता. अठराव्या शतकांत ही गोष्ट लहान नव्हे. कबूल केलेल्या अपराधाला मार नाहीं, एका अपराधाला दोनदां शिक्षा नाहीं, आणि भावंडाची टांचणीसुद्धां त्याच्या मर्जीवांचून घ्यावयाची नाहीं. याच पत्रांत मुलाची इच्छाशक्ति प्रथम जिंकावी आणि वर्षाच्या मुलालाहि छडीचें भय व हळू रडणें शिकवावें, असेंहि ती सांगते. आठवड्याची एक एक संध्याकाळ तिनें एकेका मुलाला वांटून दिली होती: मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा. पुढें ऑक्सफर्डमध्यें असतांना जॉनला त्या गुरुवारांची आठवण येई, व तो तसें आईला लिही.

आतां दुसरी बाजू. हेटी ही या भावंडांत अतिशय बुद्धिमान. लहान वयांत ग्रीक शिकलेली, पुढें कविता लिहिणारी. १७२५ सालीं ती एका तरुणाबरोबर घरांतून निघून गेली. त्यानें लग्न केलें नाहीं. गर्भवती होऊन ती परत आली. बापानें तिला शिसें व नळांचें काम करणाऱ्या एका अडाणी माणसाशीं लग्न लावून घालवून दिलें, आणि पुढें तिची क्षमायाचना मानली नाहीं. जॉननें दुसऱ्या वर्षीं पतितांशीं दयेनें वागावें अशा अर्थाचें प्रवचन केलें, तें ऐकून बापाचा राग त्याच्याकडे वळला. एकाच घरांतलीं हीं दोन मुलें. दोघांनाहि आईची स्वतंत्र संध्याकाळ मिळाली होती. फरक कोठें पडला? जॉन दहा-अकरा वर्षांचा असतां चार्टरहाउस शाळेंत गेला, चार्ल्स वेस्टमिन्स्टर शाळेंत. मुलगे बाहेर पडले. दुसरे गुरु, दुसरे मित्र, दुसरें घर त्यांना मिळालें, आणि म्हणूनच आईच्या गुरुवारची किंमत त्यांना दुरून कळली. मुली घरींच राहिल्या. मंगळवारच्या संध्याकाळीं आईजवळ कांहींहि बोलतां येईल, परंतु आईबापांविषयींच बोलावयाचें असेल तर हेटीनें कोणाजवळ बोलावें? सारा दोष गृहशिक्षणावर टाकावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या काळीं असे बाप शाळांच्या गांवींहि होते. पण सुझानाबाईंच्या पत्राचें कौतुक करणाऱ्यांनीं ती मंगळवारची मुलगीहि लक्षांत ठेवावी.

न्यायालयांनीं हा प्रश्न कसा हाताळला हेंहि पाहण्यासारखें आहे. ऑरेगॉन संस्थानानें १९२२ सालीं सर्व मुलांनीं सरकारी शाळेंतच गेलें पाहिजे असा कायदा केला. कारण एकतेचें सांगितलें होतें, पण त्यामागें कू क्लक्स क्लान उभी होती, आणि निशाण कॅथलिकांच्या शाळांवर होतें. १९२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे असें ठरवून तो कायदा रद्द केला. आम्हांला हा निर्णय थोर वाटतो. बहुसंख्याकांचा द्वेष शाळेचा गणवेश घालून येऊं शकतो, हें ज्यांना समजत नाहीं त्यांनीं ऑरेगॉनचा इतिहास वाचावा. १९७२ सालीं विस्कॉन्सिनमधील ॲमिश पंथाच्या तीन पालकांचा खटला त्याच न्यायालयापुढें आला. आठवीनंतर चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें ते शेतावर घेत, शाळेंत पाठवीत नसत. दंड प्रत्येकीं पांच डॉलर. न्यायालयानें पालकांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु न्यायमूर्ति डग्लस यांनीं एक गोष्ट विचारली, जी बाकीच्यांनीं बाजूला ठेवली होती: मुलांना काय वाटतें? तिघांपैकीं एकाच्याच मुलीची साक्ष झाली होती. तिच्यापुरता त्यांनीं निकाल मान्य केला, आणि इतरांविषयीं म्हणाले कीं, त्यांना विचारल्याशिवाय असें ठरवितां येणार नाहीं. कोणाला पियानो वाजवावयाचा असेल, कोणाला अंतराळांत जावयाचें असेल. ते एकटे पडले.

जर्मनीनें दुसरें टोंक गांठलें आहे. तेथें शाळेंत जाणें सक्तीचें असून धर्मासाठींहि सूट मिळत नाहीं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें २००६ सालीं एका ख्रिस्ती कुटुंबाची तक्रार फेटाळली, आणि २०१९ सालीं, मुलांना तीन आठवडे आईबापांपासून दूर नेण्याचें एका प्रकरणांतील कृत्यहि अन्यायाचें ठरविलें नाहीं. समाजांत समांतर समाज निर्माण होऊं नयेत हें त्यांचें कारण खोटें नाहीं. तरी घरांत मारहाण नाहीं, उपासमार नाहीं, केवळ शाळा वेगळी, एवढ्यावरून मूल उचलून नेणें हें आमच्या बुद्धीला पटत नाहीं. उलट टेक्सासमध्यें घरीं शिकविणाऱ्या पालकाला सरकारला नुसतें कळविण्याचीहि गरज नाहीं. असें मूल जगांत आहे हें पाळणाघर आणि चर्च यांपलीकडे कोणाला ठाऊक असेलच असें नाहीं. यांच्यामध्यें पेनसिल्व्हेनिया. तेथील १९८८ च्या कायद्याप्रमाणें वर्षांतून एकदां एक परीक्षक मुलाच्या वह्या पाहतो व मुलाशीं समक्ष बोलतो. तो परीक्षक पालकच निवडतात, हें खरें. तरी घराबाहेरचें एक माणूस वर्षांतून एकदां त्या मुलासमोर बसतें आणि, तूं काय शिकलास, असें त्यालाच विचारतें. आम्हांला हा उपाय फार लहान वाटतो, आणि म्हणूनच तो कोणालाहि जड जाऊं नये. २०१३ सालीं घरीं शिकलेल्या कांहीं तरुण मंडळींनीं स्वतःच एक संस्था काढून गृहशिक्षणावर थोडी देखरेख असावी अशी मागणी सुरू केली. डग्लस यांनीं ज्यांचा आवाज मागितला होता त्या जातीचीं मुलें मोठीं होऊन बोलूं लागलीं, असें म्हणतां येईल.

येथें श्रद्धाळू पालकाचें उत्तर ऐकलें पाहिजे, कारण तें हलकें नाहीं. तो म्हणेल, सत्य एकच आहे अशी माझी श्रद्धा असतां, माझ्या मुलाला मी दुसरीं दारें कशाला दाखवूं? विहीर कोठें आहे हें माहीत असतां मुलाला मृगजळाचा फेरफटका घडविणारा बाप शहाणा कसा? आणि, बाहेरचा कान हवाच असेल तर तो सरकारचाच कां? आजीआजोबा आहेत, पाळक आहेत, शेजारी आहेत. या शेवटच्या मुद्द्यांत पुष्कळ तथ्य आहे. आजीचा कान कित्येकदां परीक्षकाहून तिखट असतो. पण आजीहि त्याच श्रद्धेची, पाळकहि त्याच मंडळीचा. मुलाचें गाऱ्हाणें त्या मंडळीविषयींच असेल तेव्हां काय? आणि आम्ही मुलाला दुसरी श्रद्धा शिकवा असें म्हणत नाहीं. "मला हें पटत नाहीं" असें मूल म्हणालें तर तें वाक्य पापाच्या वहींत न लिहितां प्रश्नाच्या वहींत लिहावें, आणि तें बोलण्यासाठीं घराबाहेरहि एक जागा असावी, एवढेंच म्हणतों. लूककृत शुभवर्तमानांतच बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आहे. आईबाप यरुशलेमेहून परत निघाले, मुलगा बरोबर नाहीं हें दिवसभरानें कळलें, आणि तीन दिवसांनीं तो सांपडला तो मंदिरांत, पंतोजींच्या मध्यें बसून त्यांना प्रश्न विचारीत असतां. मरीयेनें त्याला बोल लावला. पुढें तो घरीं आला, आज्ञेंत राहिला. दोन्ही गोष्टी त्या एकाच प्रकरणांत आहेत, आणि गृहशिक्षकांच्या घरीं बहुधा दुसरीवरच भर दिला जातो.

हा प्रश्न केवळ सातासमुद्रांपलीकडचा नाहीं, हें आपल्या पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून दिसतें. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं बायकोला संस्कृत शिकविलें म्हणून समाजानें त्यांना छळलें, आणि ते सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत जाऊन राहिले. तेथें १८५८ सालीं रमाबाईंचा जन्म झाला. वडील वृद्ध झालेले, म्हणून आई लक्ष्मीबाई घरकामापूर्वीं भल्या पहांटे मुलीला उठवून पाठ देई. शाळेंत स्त्रीला जागा क्वचितच होती. गृहशाळा नसती तर रमाबाई पंडिता झाल्याच नसत्या. परंतु हीच गृहशाळा बंदिस्तहि होती: आपल्या आईबापांना मुलांचा बाहेरच्या जगाशीं संबंध नको असे, संस्कृताखेरीज दुसरी भाषा शिकण्याची गोष्टच नव्हती, असें रमाबाईंनीं पुढें आपल्या निवेदनांत सांगितलें आहे. दुष्काळांत आईबाप गेले, रस्त्यांनीं त्यांना जग दाखविलें, आणि १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पहांटेच्या त्या संस्कृतानें घोटलेली बुद्धि पुढें हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठींत आणण्याच्या कामीं आली.

तेथेंच गोष्ट थांबत नाहीं. वाँटेजच्या मठांत रमाबाईंच्या लहानग्या मनोरमेची काळजी तेथील भगिनी घेत असत, आणि मुलीला धर्म कोणता व कसा शिकवावयाचा यावरून १८८५ च्या सुमारास रमाबाई व सिस्टर जेराल्डीन यांच्यांत पत्रांतून वाद झाला. जी मुलगी आईबापांनीं आंखून दिलेल्या चौकटीबाहेर गेली, तीच आतां आई होऊन, आपल्या मुलीचें शिक्षण आपणच ठरविणार, असें मठांतील वडीलधाऱ्या बाईंना बजावीत होती. आणि त्या बाईहि मुलीवरील खऱ्या मायेनेंच बोलत होत्या. तीं पत्रें वाचतांना दोघींचेंहि खरें वाटतें. मनोरमा त्या वेळीं चार वर्षांची होती.